माणसं नवी आली, कमिटी जुनीच राहिली

वाचकाचा प्रश्न: पुण्यातल्या शंभर वर्षं ओलांडलेल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेक्रेटरीताईंनी पत्र लिहिलं आहे. रविवारी सकाळी नऊच्या मराठी उपासनेला त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास माणसं असत. गेल्या पाच-सहा वर्षांत मिझो, नागा, कुकी तरुण-तरुणी, तीन-चार तमिळ आणि तेलुगू कुटुंबं, शिवाय बांधकामावरचे झारखंडचे काही आदिवासी मजूर अशी चाळीस-पन्नास जणांची भर पडली. कमिटीत आता दोन तट आहेत. एक म्हणतो, त्यांना संध्याकाळी हॉल द्या, वेगळी उपासना करू देत. दुसरा म्हणतो, सगळी उपासनाच हिंदी-इंग्रजीत घ्या. ज्येष्ठ मंडळी दुखावली आहेत. आपल्या पणज्यांनी उभारलेल्या चर्चमध्ये आपलीच भाषा बंद होणार, अशी त्यांना भीती आहे. त्यातच नाताळच्या कार्यक्रमात तरुण संघातल्या एका मुलाने एका मिझो मुलीला ‘चिंकी’ म्हटलं. ती आणि तिच्या मैत्रिणी तेव्हापासून आलेल्या नाहीत. ताई विचारतात: ख्रिस्तात आपण सगळे एकच, मग कोण कुठला हे मोजायचंच कशाला? एखादा ‘संस्कृती दिन’ घेऊन सुरुवात करावी का? आणि मराठी न गमावता या सगळ्यांना सामावून कसं घ्यावं?

प्रिय ताई,

सलाम. नाताळात घडलेला प्रकार तुम्ही पत्रात झाकला नाही, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देणं भाग आहे.

तुमच्या कमिटीतल्या दोन्ही तटांचं म्हणणं उलटसुलट दिसतं, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: चर्च आपलं, ही माणसं बाहेरून आलेली, तेव्हा त्यांचं काय करायचं ते आपण ठरवू. वेगळा हॉल द्यायचा तर आपण देणार, भाषा बदलायची तर आपणच बदलणार. त्या चाळीस-पन्नास जणांपैकी एकाला तरी कमिटीने बसवून विचारलं, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. तुमचा प्रश्न मला भाषेचा कमी आणि ठरवण्याच्या अधिकाराचा जास्त वाटतो. भाषेचं जमवता येतं, त्याच्या रीती पुढे सांगते आहेच. पण अधिकार जुन्याच घरांत राहिला, तर चार भाषांत गायलेली उपासनासुद्धा पाहुण्यांसाठीचा कार्यक्रमच ठरेल.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पुन्हा उघडून बघा. यरुशलेमेतल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी ‘आपण सगळे एकच आहोत’ असं सांगून ती तक्रार मिटवली नाही. ऐक्यावर उपदेश दिला नाही, सणही साजरा केला नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्या हवाली केलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर अंत्युखियाचा, यहुदी धर्मात नव्याने आलेला माणूस. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कोठार गेलं. तुमच्या कमिटीसमोर हा उतारा सावकाश वाचला जायला हवा, आणि वाचून झाल्यावर लगेच प्रार्थना घेऊन विषय बंद होता कामा नये.

‘मोजायचंच कशाला’ या प्रश्नाचं उत्तरही त्याच उताऱ्यात आहे. कोणत्या विधवांना मिळत नाही हे कोणीतरी मोजलं होतं, म्हणून तर तक्रार उभी राहिली. न मोजण्यात आपल्याला प्रेम दिसतं, पण ज्याच्यापर्यंत काही पोचत नाही त्याला ते दुर्लक्ष वाटतं. तेव्हा चार रविवार एक वही ठेवा. दारावर नको, तिथे वही दिसली की पोलिस चौकशीसारखं वाटतं. उपासनेनंतर चहाच्या वेळी दोन मराठी आणि दोन अमराठी माणसांनी मिळून ती भरावी. नाव, मातृभाषा, गावाकडची मंडळी आणि तिची परंपरा, काम, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, राहणं कुठे, आणि अडीअडचणीला शहरात हक्काचं कोण आहे, एवढंच विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळांच्या बाबतीत कोरं राहील. ते कोरे रकाने नीट बघा, कारण तुमची खरी कामाची यादी तीच आहे.

वही भरताना तुम्हाला कळेल की ‘नॉर्थ-ईस्टवाले’ नावाचा एक गट नाहीच. मिझो मंडळ्या मुख्यत्वे प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट आहेत, नागा बहुतांशी बॅप्टिस्ट. नागांच्याही आओ, अंगामी, सुमी, तांगखुल अशा वेगवेगळ्या भाषा आहेत, आणि एकाची भाषा दुसऱ्याला कळेलच असं नाही. मणिपुरात १९९० च्या दशकात नागा आणि कुकी यांच्यात रक्तपात झाला होता. ३ मे २०२३ पासून तिथे मैतेई आणि कुकी-झो यांच्यात जे पेटलं, त्यात असंख्य घरं गेली. तुमच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीचं गावच उरलेलं नसेल. म्हणून ‘तुम्ही सगळे मिळून एक नाच बसवा’ असं भोळेपणाने सांगू नका. संस्कृती दिनाला माझा विरोध नाही, पण सुरुवात त्याने नको. पहिल्याच वर्षी तो घेतला की पोशाख, फोटो आणि टाळ्या होतात, ‘आपण विविधता स्वीकारली’ असं कमिटीच्या अहवालात नोंदलं जातं आणि पुढचे अकरा महिने काहीच हलत नाही. तिसऱ्या वर्षी, ती माणसं स्वतःहून म्हणाली तर, त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने तो जरूर होऊ द्या.

झारखंडच्या मजुरांचा विचार तर पूर्ण वेगळा करावा लागेल. त्यांच्यात लुथरन असतील, कॅथलिक असतील, आणि घरी मुंडारी, कुडुख किंवा सादरी बोलणारे असतील. ठेकेदाराकडे रविवारची सुट्टी मिळेलच याची खात्री नसते. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी सातनंतर पाळकसाहेब आणि दोघे-तिघे साइटवरच्या वस्तीत गेले, अर्धा तास प्रार्थना झाली, तर ते त्यांना नऊच्या उपासनेपेक्षा मोलाचं वाटेल. इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांसाठी तुम्ही जे कराल त्याने या मजुरांना बरं वाटेलच असं नाही. बऱ्याचदा तर शिकलेल्यांच्या सोयीची मंडळी झाली की हे लोक आणखी मागच्या बाकावर सरकतात.

आता उपासनेबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: नऊची मराठी उपासना बंद करू नका. सगळं हिंदी-इंग्रजीत नेणं हा उपाय दिसायला उदार आहे, पण त्याने कोणाचंच भागत नाही. ज्येष्ठांची प्रार्थनेची भाषा जाते, मिझो मुलीला तिची मिळत नाही, मजुराला इंग्रजी कळत नाही. परक्या चालीत गाण्याचं दुःख मराठी मंडळीइतकं कोणाला ठाऊक असणार? भाषांतरित गीतं आणि विलायती चाली यांच्या जागी अभंग-भजनाच्या वळणाची शेकडो गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिली, तेव्हा कुठे इथल्या माणसाचा देवाशी आपल्या बोलीत संवाद सुरू झाला. तुमच्या ज्येष्ठांना हीच गोष्ट सांगा. टिळकांनी जे तुम्हाला मिळवून दिलं, तेच ही मुलं मागताहेत. त्यांना ते दिल्याने तुमचं कमी होत नाही.

जमेल अशी घडी मला अशी दिसते. महिन्यातले तीन रविवार नऊला मराठी उपासना, आहे तशी. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा, रविवार सगळ्यांचा, एकत्र, नव्वद मिनिटांचा. आणि ज्यांना हवी आहे त्यांची स्वतःच्या भाषेतली प्रार्थनासभा त्यांना सोयीच्या वेळी. ही वेळ तुम्ही ठरवू नका. हॉटेलात आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना रविवारी सुट्टी नसते, कॉल सेंटरची शनिवारची रात्रपाळी सकाळी सहाला सुटते. ‘ते आपल्यात मिसळत नाहीत’ अशी तक्रार तुमच्या पत्रात एका ठिकाणी आहे. चहाला न थांबता निघणारी मुलगी कदाचित दहाच्या शिफ्टसाठी पळत असेल.

एकत्र उपासनेत सगळ्यात जास्त बिघडतो तो उपदेश. पंचवीस मिनिटांचा उपदेश वाक्यावाक्याला भाषांतरित केला की पन्नास मिनिटांचा होतो. लोक कंटाळतात आणि दोष भाषांतराला देतात. त्या रविवारी उपदेश बारा मिनिटांचा लिहा, म्हणजे साधारण अकराशे-बाराशे शब्द. भाषांतरासह तो पंचवीस मिनिटांत बसतो. लेखी प्रत गुरुवारी संध्याकाळपर्यंत भाषांतर करणाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. म्हणी, कोट्या, मराठी कवितेच्या ओळी त्यात असतील तर त्यांच्याखाली रेघ मारा. ऐन वेळी त्या समोर आल्या की भाषांतर करणारा अडखळतो किंवा तीन वाक्यांचं एक करून टाकतो. भाषांतर करणारे दोघे ठेवा आणि आलटून-पालटून उभे करा. ज्यांना हिंदी आणि इंग्रजी दोन्ही जड जातात, त्यांच्यासाठी उपदेशाचा सारांश एका पानावर त्यांच्या भाषेत, मोठ्या टाइपात छापून द्या. त्यांना एका कोपऱ्यात बसवून कानात भाषांतर करण्याची पद्धत सोपी आहे खरी, पण त्यात माणसं पुन्हा एका कोपऱ्यातच बसतात.

गीतं पाच धरली तर दोन मराठी, एक हिंदी, एक पाहुण्या भाषेतलं आणि एक असं की ज्याची चाल सगळ्यांच्या गीतसंग्रहात आहे. ‘सायलेंट नाइट’ची चाल मराठीत, तमिळमध्ये, मिझोत सगळीकडे पोचलेली आहे. प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी गायलं तरी गोंधळ होत नाही. पडद्यावर मराठी ओळीखाली तीच ओळ रोमन अक्षरांत द्या. मिझो आणि नागा भाषा रोमन लिपीतच लिहिल्या जातात, त्यामुळे ही मुलं मराठी गीत दुसऱ्याच महिन्यात बरोबर गाऊ लागतात. एका स्लाइडवर दोन्ही लिप्या मिळून चारच ओळी, नाहीतर मागच्या बाकावरून काही वाचता येत नाही. मिझोराममध्ये टॉनिक सोल-फा या डो-रे-मीच्या अक्षरी स्वरलिपीवरून चार आवाजांत गाण्याची सवय लहानपणापासून असते, आणि तिथला ‘खुआंग’ हा ढोल उपासनेत वाजतो. तुमच्याकडे पेटी, तबला, टाळ आहेत. एका वेळी दोन्हींचा भडिमार केला की लय तुटते. एका गीताला तबला, दुसऱ्याला खुआंग, असं वाटून घ्या, आणि तालीम शनिवारी एकत्रच करा. माझ्या अनुभवात ओळखी उपासनेपेक्षा तालमीत जास्त होतात. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणावी. ती पाठ असते, तिला पडदा लागत नाही. आणि पाहुण्या भाषेतलं गीत शिकताना उच्चार चुकला म्हणून कोणी हसलं, तर तिथल्या तिथे थांबवा, हसणारा कोणीही असो.

वेगळ्या सभेबद्दल कमिटीत कोणीतरी नक्की म्हणेल, की आपापल्या लोकांत मंडळी भराभर वाढते. ही कल्पना डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी मांडली. त्यांचा जन्म १८९७ साली दमोहला झाला आणि मिशनरी म्हणून त्यांची बरीच वर्षं मध्य भारतात गेली. जात, भाषा, वर्ग यांची भिंत न ओलांडता माणसं ख्रिस्ताकडे सहज येतात, हे त्यांचं निरीक्षण होतं, आणि निरीक्षण म्हणून ते खोटं नाही. परक्या शहरात आपल्या भाषेतली प्रार्थना हा जिवाचा आधार असतो, तो कोणाकडूनही काढून घेऊ नये. पण सोयीसाठी वेगळं बसणं कायमचं झालं की त्याची जातीची भिंत होते, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना लेखी फर्मावावं लागलं होतं, की चर्चमधले जातिभेद ताबडतोब आणि कायमचे बंद करा. म्हणजे तेव्हाही बाप्तिस्मा झालेली माणसं जातीप्रमाणे वेगळी बसत होती, प्रभुभोजनाला वेगळी येत होती. तुमच्या मराठी मंडळीतही सोयरीक जुळवताना आडनाव बघितलं जात असेल, कोणत्या घराण्यातून कमिटीवर माणूस जायचा हे ठरलेलं असेल. नव्या माणसांचा प्रश्न सोडवायला घेतलात की हा जुना प्रश्नही वर येईल. त्याला घाबरू नका, तो दाबूही नका.

तेव्हा वेगळ्या सभेला हो म्हणा, पण भाडेकरू म्हणून नको. एका पानाचा लेखी समझोता करा: ही सभा याच मंडळीचा भाग आहे, भाडं नाही, हॉलची एक चावी त्यांच्यातल्या दोघांकडे राहील, माइक आणि स्पीकर वापरायची मुभा आहे, आवरण्याची जबाबदारी त्यांची, आणि दानार्पण मंडळीच्या एकाच हिशेबात जमा होईल, त्यातला ठरलेला भाग त्यांच्या सभेच्या कामाला मिळेल. चावीचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण दर वेळी चौकीदाराला शोधत फिरावं लागणाऱ्याला ते चर्च आपलं कधीच वाटत नाही. पैशाबाबत एक सांभाळा: पुष्कळ मिझो आणि नागा तरुण आपला दशमांश गावाकडच्या मंडळीला पाठवतात. मिझो घरांत तर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढण्याची ‘बुहफाई थाम’ ही रीत आहे. दान देण्यात ही माणसं तुमच्यापुढे असतील, मागे नाहीत. ‘हे वर्गणी भरत नाहीत’ असा सूर कमिटीत लागला तर हे सांगा.

आता नाताळातला प्रकार. त्याला आता बरेच दिवस झाले आहेत, तेव्हा तो पहिल्यांदा हाती घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर. अशा वेळी हमखास होणाऱ्या चुका सांगते: ‘मुलगा गमतीत बोलला’ असं म्हणणं, सगळ्या मंडळीसमोर दोघांना उभं करून हात मिळवायला लावणं, आणि त्या मुलीला क्षमेवरचं वचन ऐकवणं. क्षमा कधी करायची हे तिचं तिने ठरवायचं आहे. पाळकसाहेब आणि तुम्ही, दोघांनी तिच्या वेळेनुसार तिला भेटा, तिची हवी ती मैत्रीण सोबत असू द्या, आणि एवढंच सांगा: जे झालं ते चूक होतं, आम्ही तेव्हा काही बोललो नाही हीही चूक होती, तुला काय झालेलं बरं वाटेल? मग ऐका. मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी पाळकांनी वेगळं बोलावं. माफी त्याने मागायची, आणि ती मुलगी तयार असेल तरच समोर, नाहीतर लेखी. तरुण संघाला हेही कळू द्या, की अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला असा शब्द वापरला तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई होऊ शकते, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच कळवलेलं आहे. तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तिचा. मंडळीने तिला ना ढकलावं, ना अडवावं. त्याच २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांमुळे ईशान्येकडचे हजारो लोक बंगळुरू आणि पुण्यातून गाड्या भरून गावाकडे पळाले होते. रस्त्यावर, लोकलमध्ये, घरमालकाकडून हा शब्द ऐकून ही मुलं चर्चमध्ये येतात. तो तिथेही कानावर पडला, तर त्यांनी जायचं कुठे?

कमिटीबद्दल. अमराठी एक प्रतिनिधी घेऊ नका, किमान दोन घ्या. एकट्यावर सगळ्यांच्या वतीने बोलण्याचं ओझं येतं आणि तो गप्प बसतो. त्यांना संगीत आणि तरुण संघ ही नेहमीची खाती देऊन थांबू नका. एकाला जमाखर्चात किंवा मालमत्तेच्या कामात घ्या. विषयपत्रिका चार दिवस आधी मराठीत आणि हिंदी किंवा इंग्रजीत पाठवा. मतदानाआधी ठराव हिंदीत एकदा मोठ्याने वाचा. सभेच्या आदल्या रात्री एखाद्या जुन्या घरात चहावर सगळं ठरतं आणि सभेत फक्त हात वर होतात, ही पद्धत तुमच्याकडे असेल तर ती मोडण्याचं काम सेक्रेटरी म्हणून तुमचंच आहे.

इथे सदस्यत्वाची अडचण येईल. गावाकडच्या मंडळीतलं नाव काढून बदलीचं पत्र आणायला ही मुलं तयार नसतात, आणि ते रास्त आहे. घर तिथे आहे, लग्न तिथे होणार. त्यांच्यासाठी सहयोगी सदस्यांची नोंद ठेवा. उपसमित्यांवर त्यांना घेता येतं का आणि मताचा हक्क किती, हे तुमच्या डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, नियमांत तपासा. कोणी म्हणेल, ते तर बॅप्टिस्ट, त्यांचा बाप्तिस्मा वेगळा. पत्रावरून तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची दिसते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात हे चर्च स्थापन झालं ते सहा परंपरा एकत्र येऊन. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. त्या सहांत बॅप्टिस्टही होते, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मान्य ठेवूनच ऐक्य झालं. ज्या चर्चचा पायाच असा आहे, त्याच्या कमिटीने हे कारण पुढे करावं हे मला पटत नाही.

प्रीतिभोजनाचं, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाचं, थोडक्यात. अंत्युखियात प्रेषित पेत्र अन्यजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता आणि काही यहुदी माणसं आल्यावर उठून बाजूला झाला, म्हणून पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलतीकरांस पत्र, अध्याय २). ताटावरच माणसं तुटतात. नागांची अखुनी, मिझोंचं बेकांग हे आंबवलेल्या सोयाबीनचे प्रकार आहेत. सुका बोंबील भाजल्यावर शेजारी नाक मुरडतात तेव्हा आपल्याला जसं वाटतं, तसंच त्यांना वाटतं. टेबलावर प्रत्येक भांड्यापुढे त्यात काय आहे याची चिठ्ठी लावा, डुकराचं मांस आणि शाकाहारी पदार्थ वेगळ्या टेबलांवर ठेवा, पळ्या वेगळ्या ठेवा. कोणी काय खायचं नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं, आणि कोणाचा पदार्थ नाकारावा लागत नाही.

ज्या दोन गोष्टींनी माणसं खरी जोडली जातात त्या मी मुद्दाम मागे ठेवल्या आहेत, कारण कमिटीच्या चर्चेत त्या येतच नाहीत: घर आणि मरण.

घर असं, की पुण्यात ईशान्येकडच्या मुलींना भाड्याने खोली मिळवताना चेहऱ्यावरून आणि स्वयंपाकाच्या वासावरून नकार मिळतो. तुमच्या मंडळीत घरमालक असतीलच. पाच जणांनी जरी ‘आमची खोली देऊ’ म्हटलं तरी मोठा फरक पडेल. बाकीच्यांसाठी एक मराठी सदस्य सोबत जाऊन घरमालकाशी बोलेल, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवला जाईल, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली जाईल आणि अनामत रकमेची पावती लेखी मिळेल, एवढं बघा. अनामत परत न मिळणं ही यांची नेहमीची फसवणूक आहे, आणि मराठीत बोलणारा माणूस सोबत असला की ती पुष्कळदा टळते.

मरणाचं असं, की एखादा तरुण अपघातात गेला तर त्याचा देह ऐझॉलला किंवा दिमापूरला पाठवायचा असतो, आणि मित्र सगळे बावीस-तेवीस वर्षांचे, कागदपत्रांची काही कल्पना नसलेले. मृत्यूचा दाखला, अपघात असेल तर शवविच्छेदनाचे कागद, एम्बामिंगचं (देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, पोलिसांची ना-हरकत, शवपेटी नीट बंद केल्याचा दाखला, सोबत जाणाऱ्याचं ओळखपत्र, विमान कंपनीच्या कार्गो विभागात नोंदणी, आणि मधल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर तिथे कोणीतरी हजर. ही यादी आजच लिहून चर्चच्या कार्यालयात लावा. दोन शववाहिनीवाल्यांचे आणि एम्बामिंग करणाऱ्या रुग्णालयाचे नंबर त्याखाली लिहा. किमान पन्नास हजार रुपये हाताशी राहतील असा निधी वर्षभरात उभा करा, आणि रात्री फोन उचलतील अशी तीन माणसं नेमा. ज्या मंडळीने एकदा एवढं केलं, तिच्या बाबतीत ‘हे आपल्यात मिसळत नाहीत’ हा प्रश्न पुन्हा निघत नाही.

आणि इथेच गाडायची वेळ आली तर? मजुरांच्या बाबतीत ती येईल, कारण देह झारखंडला न्यायला पैसे नसतात. तुमच्या दफनभूमीत जागा कोणाला मिळते हे नियमांत नक्की लिहिलेलं असेल: पूर्ण सदस्य, वर्गणी भरलेली, कदाचित ठरावीक घराण्यांच्या राखीव जागाही. ते कलम पुढच्याच सभेत वाचायला घ्या आणि सहयोगी सदस्यांचा त्यात समावेश करण्याचा ठराव मांडा. कोण कोणाला आपलं मानतं हे त्या चर्चेत लख्ख कळेल. विरोध झाला तर आवाज चढवू नका, मतं नोंदवून घ्या आणि विषय पाळकांमार्फत डायोसिसकडे पाठवा. कमिटीवरच्या दोन जागांसाठी मात्र वार्षिक सभेची तारीख पाहून ठेवा. मतदारयादीत नावं घालायची मुदत त्याआधीच संपते, आणि ती तारीख बहुधा फक्त मराठीत, फलकावर लिहिलेली असते. या वेळी ती हिंदीत आणि इंग्रजीतही लावा, आणि रविवारी उपासनेत वाचून दाखवा.